तिसरं भोक शोभेचं

पेठेतल्या जुन्या वाड्यांत वीज आली ती दोन तारांनी. एक फेज, एक न्यूट्रल. लाकडी पट्टीवरून ती खोल्याखोल्यांत हिंडली, बॅकेलाइटच्या काळ्या बटणांपाशी थबकली आणि दोन भोकांच्या सॉकेटात संपली. दिवा, रेडिओ, टेबलफॅन एवढाच पसारा, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पुढे फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन अशी पत्र्याच्या अंगाची मंडळी राहायला आली. त्यांच्या प्लगला तिसरी पिन होती, इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब. लांब अशासाठी, की प्लग खोचताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं.

वाड्याने या पिनेचं स्वागत करवतीने केलं. ज्यांचा हात धजला नाही त्यांनी प्लगच काढून टाकला आणि उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोसल्या. सुशिक्षित घरांनी मात्र रीतसर वायरमन बोलावून तीन भोकांची पांढरीशुभ्र सॉकेटं बसवून घेतली. मागे तारा त्याच, दोन. तिसऱ्या भोकामागे नुसती भिंत. "अर्थिंग आहे ना हो?" असं विचारलं, की यजमान अभिमानाने त्या भोकाकडे बोट दाखवतात.

तारेत जे नाही, ते वाड्याने माणसांच्या अंगी बाणवलं. इस्त्री करायची ती लाकडी पाटावर उभं राहून. फ्रिज उघडायचा तो रबरी स्लिपर घालून, हात पुसून. गीझर बंद केल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही. पाहुण्यांना चहाआधी सांगून ठेवायचं, "आमचा फ्रिज जरासा धरतो हं, पण पावसाळ्यातच." या 'जरासा'चं माप असं : साधारण एक मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात, दहाच्या पुढे धरलेली वस्तू सोडवत नाही आणि शंभरच्या अलीकडेच हृदयाचा ताल बिघडू शकतो. झिणझिण्या आणि तेरावा यांतलं अंतर कधीकधी एका ओल्या टॉवेलाएवढं असतं.

"पण आम्ही नवे एमसीबी बसवलेत!" हो, पाहिले. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपर्यंत हूं की चूं करत नाही. तुम्ही एक दशांश अँपिअरमध्ये आटोपता. तो तारेची काळजी घेतो, तुमची नाही. अर्थिंगची तार असती, तर फ्रिजच्या पत्र्यात उतरलेला करंट तिच्यातून धावला असता आणि काहीतरी पडलं असतं. ती नाही, म्हणून पत्रा 230 व्होल्ट अंगात मुरवून शांत उभा राहतो, कुणीतरी अनवाणी येईपर्यंत.

यावर चलाख वायरमनकडे उपाय असतो. सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून अर्थच्या भोकापर्यंत तारेचा इवलासा तुकडा. "झालं काका, अर्थिंग आलं!" टेस्ट-लॅम्पही झकास पेटतो. जुन्या वाड्यांत न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज असायचा. तो ज्या दिवशी उडेल किंवा नुसता सैल होईल, त्या दिवशी फ्रिजचा अख्खा पत्रा फेज होईल. दिवे मात्र बंद असतील, म्हणजे लाईट गेली असं समजून तुम्ही अंधारात चाचपडत निघालेले असाल.

दुसरी परंपरा नळाच्या पाइपची. लोखंडी पाइप जमिनीत जातो, मग द्या तार बांधून. त्यामुळे वरच्या बिऱ्हाडाचा गीझर खालच्या बिऱ्हाडाच्या नळातून भेटायला येऊ लागला. मग प्लंबरने गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा घातला. पाण्याची गळती थांबली आणि अर्थिंग हवेत लोंबकळत राहिलं.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल खड्डा, त्यात पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, उन्हाळ्यात ओतायला पाणी, आणि तिथून प्रत्येक सॉकेटपर्यंत तिसरी तार. खड्डा कुठे? अंगणात पेव्हर ब्लॉक, त्यावर स्कूटर. खर्च कुणाचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकतो. घरमालक दरमहा येणाऱ्या भाड्याची पावती दाखवतो, त्यात मीठ येईल, कोळसा नाही. भाडेकरू म्हणतो, मालकाच्या भिंतीत मी का पैसे पुरू? आणि दोघेही एका सुरात म्हणतात, "आता काय, रिडेव्हलपमेंट होणारच आहे." ही रिडेव्हलपमेंट बघायची म्हणून एक पिढी स्लिपर घालून जगली.

तोवर आरसीसीबी बसवा. जाणारा आणि परतणारा करंट यांत तीस मिलिअँपिअरचा फरक दिसला, की ती क्षणार्धात पडते, अर्थिंगची तार नसली तरीही. अर्थिंगची जागा ती घेत नाही. पत्र्याला कुणाचा हात लागल्यावरच तिला कळतं. जुन्या वायरिंगमध्ये ती वारंवार पडेल आणि वायरमन म्हणेल, "फार त्रास देते, बायपास करून टाकू." तेव्हा आरसीसीबीऐवजी वायरमन बदला. परवानाधारक माणूस आणा, काडेपेटीच्या काड्या बाहेर काढा आणि सॉकेटातला तो न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा तुकडा आधी तोडायला लावा. आणि ज्यांच्याकडे आरसीसीबी आहे त्यांनी तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण आज दाबून पाहावं. दिवे गेले नाहीत, तर ती बिघडलेली आहे.