आधी नोटीस, मग शाल-श्रीफळ

आइस-टी या अमेरिकन रॅपरने १९९२ साली आपल्या रॉक बँडसोबत 'कॉप किलर' नावाचं गाणं आणलं. पोलिसाचा खून थेट नावातच. पोलीस संघटना खवळल्या, बहिष्काराच्या हाका आल्या, राष्ट्राध्यक्षांनी निषेध केला, शेवटी गाणं अल्बममधून काढावं लागलं. हाच आइस-टी २००० सालापासून 'लॉ अँड ऑर्डर : एसव्हीयू' या मालिकेत पोलिसाचं काम करतोय. २५ वर्षं उलटली. एवढ्या नोकरीत खऱ्या हवालदाराचीही पेन्शन पक्की होते.

ज्यांचं रॅपचं शिक्षण बाबा सहगलच्या कॅसेटवर सुरू झालं आणि तिथेच संपलं, तेही हल्ली उसासे टाकतात, "रॅप पूर्वीचं राहिलं नाही." पूर्वी बंड होतं म्हणे, आता धंदा झालाय.

बरं, पूर्वीचं बघू. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. मूळ जमैकाचा कूल हर्क दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून नाचायला सोयीचा तेवढाच तुकडा लांबवत होता. हिप-हॉपचा जन्म इथला मानतात. पार्टी कशासाठी? बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. म्हणजे बंडाला पहिल्या दिवसापासून तिकीट होतं.

पुढे १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' गाजलं. त्यात बिग बँक हँकने ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या ओळी वापरल्या, आणि कॅझने त्यात गुंफलेलं स्वतःचं टोपणनावही तसंच ठेवलं. शेजारच्याचा पेपर उतरवताना त्याचा बैठक क्रमांकही उतरवावा, तसं. कॅझला ना नाव मिळालं, ना पैसे. तेव्हा 'पूर्वीची सचोटी' वगैरे शब्द जपून वापरलेले बरे.

धंद्याचं म्हणाल, तर बुटांची जाहिरातही जुनीच. रन-डीएमसी या गटाने १९८६ मध्ये आदिदासवर गाणं केलं ते फुकट. मग मैफलीत हजारो पोरांना पायातले बूट हवेत उंच धरायला लावले. कंपनीचे साहेब प्रेक्षकांत होते. दहा लाख डॉलरहून मोठा करार झाला. आता आधी करार होतो आणि मग बुटांबद्दल प्रेम दाटून येतं, एवढाच काय तो बदल.

खरे बदल दोन झाले आणि दोन्ही रॅपरांनी केलेले नाहीत. पहिला वकिलांनी केला. बिझ मार्की या रॅपरने एका जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला म्हणून १९९१ साली खटला झाला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. तोवर पब्लिक एनिमीसारखे गट डझनभर तुकडे एकमेकांवर रचून गाणं उभं करत. निकालानंतर प्रत्येक तुकड्याचं भाडं भरायची वेळ आली आणि गाण्यातली गर्दी ओसरली. दुसरा बदल हिशेबनिसांनी केला. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एक 'ऐकणं' जमा होतं. मग लांबवायचं कशाला? 'रॅपर्स डिलाइट'ची मोठी आवृत्ती सुमारे पंधरा मिनिटांची होती. लिल नॅस एक्सचं २०१८ चं मूळ 'ओल्ड टाउन रोड' दोन मिनिटांच्या आत उरकतं.

भांडणंही सुधारली. रॅपर टुपाक १९९६ मध्ये आणि त्याचा प्रतिस्पर्धी बिगी १९९७ मध्ये गोळ्यांनी गेला. २०२४ मध्ये केंड्रिक लमारने गाण्यात ड्रेकची सालं काढली, तेव्हा ड्रेक कोर्टात गेला. तोही केंड्रिकवर नव्हे, दोघांची गाणी विकणाऱ्या कंपनीवर. अब्रूनुकसानीचा तो दावा २०२५ मध्ये फेटाळला गेला. तरी गोळीऐवजी वकील लागतो, ही प्रगतीच. केंड्रिककडे तर २०१८ चं पुलित्झर आहे. बक्षिसांच्या बाबतीत ग्रॅमीवाल्यांची गंमत बघा. त्यांनी १९८९ मध्ये रॅपला पहिलं बक्षीस दिलं आणि ते देताना टीव्हीवर दाखवलं नाही. २०२३ मध्ये त्यांनीच हिप-हॉपच्या पन्नाशीचा सोहळा टीव्हीवर थाटात केला.

म्हणजे रॅपर आहे तिथेच आहे, पैसा त्याला तेव्हाही हवा होता. शहाणी झाली ती व्यवस्था. पकडण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडतं, हे तिला कळलं. पोलिसांना शिव्या घालणाऱ्या एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या रेकॉर्ड कंपनीला १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने कानउघाडणीचं पत्र धाडलं. गाणं आणखी खपलं. त्याच गटातला आइस क्यूब पुढे विनोदी सिनेमात पोलीस झाला, गटातल्याच डॉ. ड्रेच्या हेडफोन कंपनीसाठी ॲपलने २०१४ मध्ये तीन अब्ज डॉलर मोजले, आणि ते पत्र क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये कौतुकाने मांडलं गेलं.

आपण महाराष्ट्रात पकडणं आणि कौतुक करणं ही दोन्ही कामं एकाच वर्षात उरकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याचा एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकला. तिथे त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा त्याच्या गाण्यांपेक्षा जास्त झाली. एप्रिलमध्ये राज्यातल्या सत्तांतरावर आणि त्यातल्या कथित 'खोक्यां'वर, म्हणजे कोट्यवधींवर, रॅप करणाऱ्या मराठी पोरावर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. बुटांची किंमत सांगितली की ट्रॉफी, खोक्यांची सांगितली की एफआयआर.

"रॅप म्हणजे आमचा पोवाडाच की" म्हणणारे आता पुढे सरसावतील. खुशाल. फक्त पुढचंही आठवा. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकावर सरकारने बंदी घातली होती. २००२ साली सरकारनेच अण्णा भाऊंचं टपाल तिकीट काढलं. बंदी ते तिकीट, मध्ये फक्त शाहीर मरावा लागतो. अमेरिकेत निदान जिवंतपणी सिनेमा तरी मिळतो.

म्हणून गुन्हा दाखल झालेल्या पोरांना एक व्यवहारी सल्ला. एफआयआरची प्रत लॅमिनेट करून ठेवा. ज्यांनी ती फाडली, त्यांचेच वारस उद्या फीत कापायला येतील, आणि भाषणात तुमचं यमक चुकवतील.