पुन्हा त्याच झाडाकडे

माणसाला स्वतःच्या सोडून घरातल्या, शेजारच्या आणि ऑफिसातल्या सगळ्यांच्या खोडी तोंडपाठ असतात. उसने पैसे कोण परत करत नाही, अक्षता पडून गेल्यावर हॉलवर कोण पोचतो, 'मी काही बोलत नाही' असं म्हणून पाऊण तास कोण बोलतो, हे आपण झोपेतून उठवलं तरी सांगू. स्वतःचं विचारा, की प्रत्येक वेळचं कारण वेगळं निघतं. या खेपेला पाऊस होता. मागच्या खेपेला मुलीची परीक्षा होती. आणि त्याआधी तर समोरचा माणूसच तसा होता, त्याला आपण काय करणार?

माझ्या एका मावसभावाला आजवर एकही चांगला साहेब मिळालेला नाही. पहिला हलक्या कानाचा निघाला, दुसऱ्यानं याचं श्रेय लाटलं, तिसरा तर म्हणे याच्यावर जळायचा. गंमत म्हणजे, नव्या नोकरीचा पहिला महिना दर वेळी एकाच चालीवर जातो. "अगं आई, माणूस नाही, देव आहे देव!" चौथ्या महिन्यात देवाचा 'आमचा साहेब' होतो, सहाव्यात नुसता 'तो', आणि दिवाळीच्या बोनसच्या सुमाराला 'त्याला मी एकदा दाखवणारच आहे'. 'देव' हा शब्द कानावर पडला, की मावशी हल्ली पेढे आणायच्या आधी नोकरीच्या जाहिरातींची पानं रद्दीतून बाजूला काढून ठेवते. मध्यंतरी कुणीतरी पत्रिका बघून साडेसाती असल्याचं सांगितलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. साडेसात वर्षं उलटली, शनी आपल्या वाटेनं पुढच्या राशीला गेला. साहेब मात्र होता तिथेच राहिला, फक्त नाव आणि टक्कल बदललं.

अशी माणसं व्हिएन्नातही होती. सिग्मंड फ्रॉइडनं १९२० साली लिहिलेल्या एका पुस्तकात त्यांची छोटीशी यादीच दिली आहे. एकाला प्रत्येक मित्र दगा देतो. दुसरा ज्याला ज्याला हात देतो, तो तो रागावून निघून जातो. तिसऱ्याचं प्रत्येक प्रेमप्रकरण त्याच पायऱ्यांनी चढतं आणि त्याच पायऱ्यांनी उतरतं. नशीब हात धुऊन मागे लागलंय असं या मंडळींना वाटतं खरं, पण त्या नशिबाची बरीचशी मांडामांड त्यांनी स्वतःच केलेली असते, असं त्याचं म्हणणं. हे मी मावसभावाला एकदा ऐकवलं. फ्रॉइडला आपल्या साहेबासारखा साहेब भेटला नसणार, एवढंच तो म्हणाला.

बरं, समजा खोड ओळखता आली. पुढे काय? अर्जुनानं हाच प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारला आहे. मनात नसताना, कुणी मागून ढकलल्यासारखा माणूस चुकीचं वागतो, तो कशामुळे? श्रीकृष्ण उत्तर देतो, काम आणि क्रोध. पण मला खरी गंमत वाटते ती अर्जुनाच्या प्रश्नाच्या तीनच श्लोक आधीच्या वाक्याची. तिथे तो सांगून चुकला आहे, की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो, तिथे निग्रहाचं काय चालणार? साक्षात भगवंतानं असं म्हटल्यावर कुणीही हात टेकावेत.

आपण टेकत नाही. आपण निग्रह करतो, आणि तो येत्या सोमवारपासून करतो. सोमवार हुकला तर एक तारखेपासून, एक तारीख हुकली तर पाडव्यापासून. हल्ली त्यात एकवीस दिवसांची भर पडली आहे. कुठलीही गोष्ट सलग २१ दिवस केली की अंगवळणी पडते, असं योगाच्या क्लासपासून बँकेच्या प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे सांगतात. आपल्याला ते लगेच पटतंही. गणपतीला मोदक एकवीस, दूर्वा एकवीस, मग सवयीनं तरी बावीस दिवस का घ्यावेत? या आकड्याचं मूळ मात्र बाप्पापाशी नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. नाक-डोळे दुरुस्त करून घेतलेल्या माणसांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला कमीत कमी एकवीसेक दिवस लागतात, असं त्याच्या पाहण्यात आलं, आणि १९६० साली त्यानं ते पुस्तकात लिहिलं. पुढे तोंडातोंडी 'कमीत कमी' गळलं, नाकही गळलं, आणि एकवीस तेवढे उरले.

खरी मोजदाद लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी केली. ९६ माणसं, १२ आठवडे, प्रत्येकानं रोज एक छोटी गोष्ट करायची. कुणी जेवणाबरोबर ग्लासभर पाणी प्यायचं, कुणी संध्याकाळी पळायचं. ती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. पण त्या सरासरीच्या पोटात एका टोकाला १८ दिवसांवाले होते आणि दुसऱ्या टोकाला ज्यांचा हिशेब २५४ दिवसांवर जाईल असे. मला त्यातला आणखी एक निष्कर्ष जास्त आवडला: एखादा दिवस चुकला तर म्हणण्यासारखं काही बिघडत नाही. हे आपल्याकडे दवंडी पिटून सांगायला हवं. कारण आपल्याकडे उपासाच्या दिवशी चुकून चहाबरोबर मारीचं बिस्किट तोंडात गेलं, की 'आता मोडलाच आहे तर' म्हणून दुपारी बटाटेवडे तळले जातात.

निग्रहाच्या बाबतीत बेंजामिन फ्रँकलिनइतकी टापटीप कुणी दाखवली नसेल. या गृहस्थानं तेरा सद्गुणांची यादी केली. आधी बाराच होते. 'तुम्ही गर्विष्ठ आहात असा लोकांत बोलबाला आहे' असं एका मित्रानं कानात सांगितलं, तेव्हा नम्रता तेरावी आली. एका छोट्या वहीत तांबड्या शाईनं रकाने आखले. आठवड्याला एक सद्गुण मुख्य, रोज रात्री हिशेब, चूक झाली की काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक आवर्तन, वर्षाला चार. ठिपके खोडून पुन्हा तीच वही वापरायची म्हणून खरवडता खरवडता कागदाला भोकं पडली. मग त्यानं तक्ता हस्तिदंती पानांवर उतरवला आणि पेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजानं पुसायला लागला. इतकं करून 'व्यवस्थितपणा' हा सद्गुण काही त्याच्या हाती लागला नाही. म्हातारपणी आत्मचरित्रात तो तसं मोकळेपणानं लिहितो. ज्या माणसानं आपल्या अव्यवस्थितपणाची नोंद इतकी व्यवस्थित ठेवली, त्याच्यापुढे आपली जानेवारीतली डायरी काय टिकणार?

पण या विषयाचा खरा जाणकार मला वेताळ वाटतो. 'चांदोबा'मध्ये शंकर यांचं ते चित्र आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी पाहिलेलं असतं: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, आणि हट्ट न सोडणारा राजा. त्याच्या हट्टाचं आपल्याला इतकं कौतुक, की तो दर वेळी करतो काय, इकडे लक्षच जात नाही. तो दर वेळी तेच करतो. झाडाकडे जातो, प्रेत उतरवतो, निघतो, गोष्ट ऐकतो, उत्तर देतो, आणि वेताळ पुन्हा झाडावर. बोललास तर मी परत जाणार, ही अट पहिल्यापासून ठाऊक आहे. गडी रात्रभर बोलत राहतो.

सोमदेवाच्या कथासरित्सागरात हा राजा त्रिविक्रमसेन म्हणून येतो आणि त्याची राजधानी असते गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. राजा गाववालाच निघाल्यावर काही गोष्टींचा उलगडा होतो. मुळात स्मशानात जायची पाळी त्याच्यावर आली तीही एका सवयीपायी. एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ द्यायचा. राजा ते न बघता खजिनदाराच्या हातात ठेवायचा. खजिनदार त्याच्यावर ताण. तो भांडाराचं दारसुद्धा न उघडता खिडकीतून आत भिरकावायचा. असं दहा वर्षं चाललं. एके दिवशी राजवाड्यातलं पाळीव माकड राखणदारांच्या हातून निसटून तिथे आलं, राजानं सहज ते फळ त्याला दिलं, त्यानं दातानं फोडलं, तर आतून रत्न. भांडार उघडून बघतात तो फळं केव्हाच कुजून गेलेली आणि खाली रत्नांचा ढीग. दहा वर्षांत जे राजा, प्रधान आणि अख्ख्या दरबाराच्या लक्षात आलं नाही, ते माकडाला चटकन सापडलं, कारण फळ खिडकीतून टाकायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

वेताळाची अटही नीट ऐकण्यासारखी आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, असं तो बजावतो. ही अट आपल्याला बाहेरून कुणी घालावी लागत नाही. आपण ती जन्मतःच घेऊन आलेलो असतो. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघू द्या, कुणाच्या पोराला सायन्सला घालावं की कॉमर्सला याची चर्चा होऊ द्या, नाहीतर कुणी 'गुडघा दुखतोय' एवढंच म्हणू द्या. माहीत असून गप्प बसायचं म्हणजे डोकं फुटायचीच वेळ. उत्तर इतकं तयार असतं की ते आपण देत नाही, ते आपलं आपण निघून जातं. मावसभावाचं तेच. साहेबानं भुवई जरा वर केली, की याच्या तोंडी पुढचं वाक्य तयार.

राजाची सुटका झाली ती शेवटच्या कोड्यापाशी. एक बाप आणि मुलगा, दोघांना वाटेत दोन बायकांची पावलं उमटलेली दिसतात. मोठ्या पावलांची ती बापाची आणि लहान पावलांची मुलाची, असं त्यांचं ठरतं. भेट झाल्यावर बघतात तर मोठी पावलं मुलीची आणि लहान पावलं आईची. शब्द दिलेला, त्याप्रमाणे लग्नं होतात. आता त्यांना झालेल्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजा चालत राहिला. उत्तर नव्हतंच. तोंड बंद राहिलं ते संयमानं नव्हे, निव्वळ बुचकळ्यात पडून. आणि त्या गप्प बसण्यावर खूश होऊन वेताळानं सांगितलं, की तो फळं देणारा भिक्षू तुझा बळी द्यायच्या बेतात आहे. जीव वाचला तो एका न आलेल्या उत्तरामुळे.

तयार उत्तर आपण होऊन कुणी टाकून देत नाही. बाहेरून कुणीतरी वाट अडवावी लागते. २०१४च्या फेब्रुवारीत लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला, बरीच स्टेशनं बंद राहिली, आणि लोकांना नाइलाजानं दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या. संप मिटल्यावर वीसातला साधारण एक जण जुन्या वाटेवर परतलाच नाही. इतकी वर्षं तो आडवळणानं जात होता आणि त्याला पत्ता नव्हता. बाकीचे एकोणीस निमूटपणे आपल्या नेहमीच्या फलाटावर हजर. ठाण्याला ८.२१ च्या लोकलसाठी फलाटावरच्या त्याच लादीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या एकोणीस जणांबद्दल काही समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्या मुलुंडच्या काकूचा संप मात्र दाढेनं घडवून आणला.

काका-काकू गणपतीला कोकणात निघाले की दारात एक भांडण होतं. त्याचे संवाद जिन्यातल्या पोरांनाही पाठ आहेत. काकू बॅगा घेऊन खालच्या पायरीवर, काका कुलूप लावून ते तीनदा ओढून बघतात, आणि किल्ली खिशात टाकता टाकता थांबतात.

"गॅस बंद केलास का?"

"केला."

"नक्की?"

"अहो, चाळीस वर्षं गॅसवर स्वयंपाक करतेय मी."

"चाळीस वर्षांचा काय संबंध? गॅस आज बंद करायचाय."

इथून गाडी सासूबाईंच्या आठवणींकडे वळते, तिथून काकूच्या भावाच्या लग्नातल्या मानपानाकडे. मग कुलूप निघतं, काका आत जाऊन सिलेंडरचं बटण चाचपून येतात, बाहेर आल्यावर चष्मा आत राहिलेला असतो, आणि ठाण्याला गाडी धावत पकडावी लागते. पुढे पनवेलपर्यंत अबोला.

एका वर्षी निघायच्या दिवशीच सकाळी काकूची दाढ काढावी लागली. दातांच्या डॉक्टरनं कापसाचा बोळा दाबून दिला आणि अर्धा-पाऊण तास तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. दारात काकांनी विचारलं, "गॅस बंद केलास का?" काकूनं मान डोलावली. "नक्की?" काकूनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काका उत्तराची वाट बघत उभे राहिले. ते आलं नाही. मग ते स्वतःच कुलूप काढून आत गेले, बाहेर आले आणि "बंद आहे" असं जरा पडलेल्या आवाजात म्हणाले. चष्मा नाकावरच होता. ठाण्याला गाडीच्या कितीतरी आधी पोचले आणि आता या वेळेचं करायचं काय, हे न कळून दोघं बाकावर बसून राहिले.

काकू हुशार. पुढच्या वर्षी दाढ धडधाकट असतानाही ती दारात गप्प राहिली. डोक्याची शकलं व्हायची वेळ आली होती, हे तिनं नंतर मला सांगितलं. सासूबाई निघाल्या नाहीत, मानपान निघाला नाही. काका आत जाऊन आले, निमूटपणे जिना उतरले आणि रिक्षात बसले. रिक्षा नाक्यावर वळली तोच पुढे वाकून म्हणाले,

"मीटर टाकलास का रे?"

"टाकला, काका."

"नक्की?"