कांद्याचे वेगळे पैसे

मिसळीबरोबर येणारी चिरलेल्या कांद्याची वाटी हेच आपल्या परकीय व्यापाराचं खरं मोजमाप आहे. वाटी शिगोशीग असली की निर्यात खुली. वेटर "एक्स्ट्राचे वेगळे पडतील, साहेब" म्हणाला की फाईल हलली समजावं. आणि वाटीत कोबी दिसला, तर मुंबईच्या बंदरात कंटेनर अडकलेच म्हणून समजा.

२०१९ च्या सप्टेंबरात वाटीत कोबी, की बंदी. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा तेच. २०२३ साली तर दूरदृष्टीच दाखवली: ऑगस्टमध्येच ४० टक्के निर्यातशुल्क, आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी. मुहूर्त बघा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने काढतो. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल. तो टिकत नाही, काढला की विकायचाच. म्हणजे बरोब्बर जो थांबू शकत नाही, त्यालाच "थांब" म्हणायचं. लासलगावला लिलावात ट्रॅक्टर लावून उभा असलेला माणूस सकाळी एका भावाच्या हिशेबाने निघतो आणि पोचेपर्यंत हिशेबच रद्द झालेला असतो.

बंदी "३१ मार्चपर्यंतच" होती. मार्च संपायच्या आत मुदत वाढली. ४ मे २०२४ ला उठवली, पण कशी? टनाला किमान ५५० डॉलर दर, वर ते ४० टक्के शुल्क. करा हिशेब: ७७० डॉलर, म्हणजे किलोला चौसष्ट रुपयांच्या आसपास. बाजार समितीत पंधराच्या आगेमागे घुटमळणारा कांदा बोटीत चढेपर्यंत चौसष्टचा. दुबईच्या दुकानदाराने तोवर पाकिस्तानचा कांदा लावला होता, त्याला काय वेड लागलंय? बांगलादेश तर आपलं हक्काचं गिऱ्हाईक. दर वेळी ऐनवेळी दार आपटलेलं पाहून त्याने स्वतःच्या शेतात लागवड वाढवली. गिऱ्हाईक जोडायला वीस वर्षं लागतात हो, आणि तोडायला एक परिपत्रक, तेही "तात्काळ लागू". शेतकऱ्याने मात्र रोप टाकण्यापासून काढणीपर्यंतचे चार-पाच महिने याच तात्काळावर भरवसा ठेवून घालवायचे. खत, मजुरी, डिझेल यांना कुठलीच बंदी नाही, ती मोकळी वर जातात. आणि हे सगळं कुणासाठी? माझ्यासारख्यांसाठी, मिसळीवर पाण्याची बाटली न विचारता मागवणाऱ्या, पण कांद्याचे दहा रुपये वेगळे लावले की महागाईवर भाषण ठोकणाऱ्या शहरी गरिबांसाठी.

२०२३ च्या फेब्रुवारीत हाच लाल कांदा किलोला दोन-चार रुपयांवर आला होता. लोकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला. तेव्हा तात्काळ काय लागू झालं, कुणाला आठवतंय?