मेंदूचा व्यायाम, वडखळ शाखा

डोलवीच्या पोलाद कारखान्याची शिफ्ट सुटली की वडखळ नाक्यावर सुकी मासळी घेऊन बसलेल्या आगरी मावशींची परीक्षा सुरू होते. बिहारी कामगाराला हिंदीत भाव सांगायचा, धरमतरचा पूल ओलांडून अलिबागला निघालेल्या पुणेकर बाईंना ‘घ्या ना ताई’ म्हणायचं, आणि त्याच दमात या दोघांबद्दलचं खरं मत शेजारणीला आगरीत ऐकवायचं. भाषा जरा चुकली की गिऱ्हाईक गेलंच.

टोरांटोच्या मानसशास्त्रज्ञ एलन बियालिस्टॉक यांचं म्हणणं असं, की दोन भाषा बोलणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात. नको ती दाबून धरता धरता लक्ष आवरायची सवय लागते. २००४ सालच्या त्यांच्या प्रयोगात तमिळ-इंग्रजी बोलणारी भारतातली माणसं होती. लाल-निळे चौकोन दिसले की जागेकडे दुर्लक्ष करून रंगानुसार बटण दाबायचं. द्विभाषिक सरस ठरले.

ही बातमी आमच्या पालकसभांपर्यंत सुखरूप पोचली. पुढच्या शंका मात्र खाडीत बुडाल्या. २०१८ मध्ये इतर संशोधकांनी १५२ अभ्यास एकत्र तपासले, अनुकूल निष्कर्षच जास्त छापले जातात हे गृहीत धरून दुरुस्ती केली, तेव्हा प्रौढांमध्ये फायदा जवळपास उरलाच नाही. इंग्रजी माध्यमाची फी मात्र जागच्या जागी.

डॉ. सुवर्णा अल्लादी यांचा २०१३ चा हैदराबादचा अभ्यास वेगळा. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांत द्विभाषिकांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडल्याचं दिसलं, अगदी निरक्षरांमध्येही. म्हणजे फी न भरता. अशा फायद्याची जाहिरात कोण करणार?

इथल्या वाडीवरचं कातकरी पोर घ्या. घरी कातकरी, शेतमालकाशी आगरी, आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलं की आणखी काहीतरी. वर्गात पुस्तकातल्या मराठीपुढे ते क्षणभर थबकतं, आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो: ‘लक्ष नाही’. तीन भाषांची दारं एकटं सांभाळणाऱ्या पोराचं!

तिसरी भाषा पहिलीपासून हवी की नको, यावर २०२५ च्या एप्रिल ते जून मुंबईत रान पेटलं. शासन निर्णय निघाला, बदलला, २९ जूनला मागे घेतला. वाडीवरच्या पोराची चौथी भाषा मराठी. ती पहिलीपासून सक्तीची आहेच.