मामा, जरा इकडं!

नारायणगाव ते आळेफाटा या पट्ट्यात ‘फॅमिली गार्डन रेस्टॉरंट आणि परमिट रूम’ अशी पाटी दिसली, की आत एक मामा आहेत हे धरून चालावं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, खांद्यावर फडकं, कानावर पेन. विशीतलं गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणतं, सत्तरीतलंही मामाच म्हणतं.

धंदा या भागाला नवा नाही. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याचा सातवाहनकाळातला शिलालेख आहे. देणाऱ्याचं नाव दगडात कोरलं गेलं. तिथं वाढायला कोण होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मामांचं अर्थशास्त्र कॅरेटवर चालतं. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव गेला, तेव्हा गिऱ्हाईक मेन्यूकार्ड न उघडताच खंबा सांगत होतं. सप्टेंबरात भाव कोसळला आणि तीच मंडळी एका क्वार्टरमध्ये दोघं भागवू लागली. मामांनी काही विचारलं नाही. खारे शेंगदाणे तेवढे एक वाटी जास्त आणून ठेवले.

अंगारकीला गर्दी वेगळी. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून-उतरून पोटऱ्या भरून आलेलं कुटुंब मासवडी मागवतं आणि दबक्या आवाजात चौकशी करतं, “व्हेजचं किचन वेगळं आहे ना?”

“किचन काय घेऊन बसलात ताई, आचारीसुद्धा माळकरी आहे!”

तो माळकरी आचारी पलीकडे चिकन सुक्क्याला फोडणी देत असतो. पण माळ खरी आहे, त्यात मामांची लबाडी नाही.

खरी कसोटी लागते ती शनिवारी रात्री. वडील आत पाच नंबरच्या टेबलावर बसलेले, आणि दारात मुलगा मित्रांसह गाडी लावतोय. मामा ट्रे तिथंच ठेवून बाहेर येतात. “आत लई गरम होतंय. तिकडं आंब्याखाली टेबल लावतो.” मुलगा एकदा मामांकडे बघतो, एकदा शेडमध्ये लावलेल्या ओळखीच्या बुलेटकडे, आणि निमूट आंब्याकडे वळतो. तासाभराने वडील हळूच विचारतात, “पोरगं आलंय वाटतं?” मामा म्हणतात, “आज कुठलं हो!” या दोन वाक्यांवर तालुक्यातली कितीतरी घरं सुखाने नांदताहेत.

कायदाही मामांना तोंडपाठ. दारूबंदीचा कायदा 1949 चा, म्हणून तर आपल्याकडे बारला परमिट रूम म्हणायचं. बिअरला वय एकवीस, दारूला पंचवीस. मिसरूड नुकतंच फुटलेल्या कार्ट्याला ते जन्मसाल विचारतात. उत्तराला जरा उशीर झाला, की समोर लिंबू सरबत येतं.

1 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली. कित्येकांना तो एप्रिल फूल वाटला. परमिट रूमला कुलूप लागलं आणि मामा मिसळ-चहावर आले. हाताला सवय जुनी, जिभेलाही. चहा मागवणाऱ्या एका वारकऱ्याला त्यांनी विचारलं, “सोडा की पाणी?” पुढे नियम सैल झाले, कुलूप निघालं, तो वारकरी मात्र परत आला नाही.

मामा स्वतः पीत नाहीत. “रोज दुसऱ्यांची बघतो की,” एवढंच कारण ते सांगतात. शेवटचं टेबल उठलं, की साडेबाराला किचनमधल्या उलट्या कॅरेटवर बसून डाळ-भाकरी खातात.

तर माळशेजला जाता-येता तिथं थांबलात आणि टीप द्यावीशी वाटली, तर रोख द्या. स्कॅनरवर टाकलेले पैसे शेटच्या खात्यात जातात.