पाय काढला की गप्प बसणाऱ्या जॉइंटास

प्रति,
आतला सीव्ही जॉइंट,
डावा एक्सल, गिअरबॉक्सला लागून.

तुला सप्रेम नमस्कार लिहावा असं आपल्यात काही घडलेलं नाही. पाच महिने तू माझ्या गाडीत बसून उपद्रव केलास आणि आळ दुसऱ्यांवर येऊ दिलास. टायर, रिम, इंजिनची फाउंडेशन, स्पार्क प्लग, सगळ्यांची झडती झाली. तू मात्र रबरी बुटात अंग चोरून बसलास. आता तू माझ्यासमोर जुन्या वर्तमानपत्रावर उघडा पडला आहेस, काळ्या ग्रीसमध्ये माखलेला. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुझे भाऊबंद कितीतरी जुन्या गाड्यांत हाच उद्योग करत असतात.

तुझी पहिली खोड आठवते का? पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ. गाडी २००९ सालची, सव्वा लाख किलोमीटर झालेली, आत चार माणसं, गिअर तिसरा. ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी आडवी थरथरायला लागली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, गाडीला हुडहुडी भरलीय का?" घाट संपून उतार लागला तशी तीच म्हणाली, "बघ, आता थांबली." तुझ्याविरुद्धची सगळी साक्ष त्या दोन वाक्यांत होती. जोर लावला की थरथर, जोर काढला की शांत. पुढे ज्या-ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली, तिथे "कुठे थरथरते?" असं विचारलं गेलं. "कधी थरथरते?" हे कुणी विचारलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर तू पाच महिने जगलास.

त्या पाच महिन्यांत ज्यांना तुझ्यापायी बोल लागले, त्यांची बाजू आधी मांडतो.

चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर साधारण ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टीअरिंग हातात थडथडतं. पाय ॲक्सिलरेटरवर असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. ब्रेकची डिस्क वाकडी झाली असेल तर ब्रेक मारल्यावरच पेडलला हादरे जाणवतात. इंजिनचं फाउंडेशन बसलं असेल तर गाडी सिग्नलला उभी असतानाही डॅशबोर्ड कुरकुरतो, एसी लावला की जास्तच, आणि क्लच सोडताना धप्प असा आवाज येतो. मिसफायर असेल तर इंजिन अडखळतं, पिकअप पडतो, बऱ्याचदा मीटरवर इंजिनचा दिवा लागतो. ही सगळी मंडळी आपला गुन्हा आपल्या तोंडाने कबूल करतात.

तुझा सख्खा शेजारी, चाकाकडचा बाहेरचा जॉइंट, तोही प्रामाणिक आहे. फोर्डमधले अभियंता आल्फ्रेड झेपा यांच्या नावाने तो ओळखला जातो. पोटात सहा छर्रे असतात. झिजला की स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कट-कट-कट वाजतो. सोसायटीच्या गेटवर उभा असलेला वॉचमनसुद्धा सांगतो, "साहेब, एक्सल वाजतोय." तू तसा वाजत नाहीस. तू थरथरतोस, आणि ती थरथर चाकात, पत्र्यात, सीटमध्ये पसरवून देतोस. मग लोक टायर बदलतात. मीही पुढचे दोन बदलले, आणि तू तसाच राहिलास.

आता तुझं अंतरंग सर्वांसमोर मांडतो. तू म्हणजे एक लोखंडी पेला. त्या पेल्यात तीन खाचा, आणि त्या खाचांतून सरकणारे तीन रोलर, एका तीन हातांच्या चक्रीवर बसवलेले. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, की एक्सलला थोडं लांब-आखूड व्हावं लागतं. ते सरकणं तुझ्याकडे सोपवलेलं आहे. गाडी पुढे ओढायची तर इंजिनचा सगळा जोर त्या रोलरना खाचेच्या एकाच भिंतीवर झेलावा लागतो. वर्षानुवर्षं, किलोमीटरमागून किलोमीटर, तीच भिंत. पाय काढला की जोर समोरच्या भिंतीवर जातो, आणि ती भिंत जवळपास नवीच असते. म्हणून पाय काढताच तू साळसूद होतोस.

खाच झिजली की रोलर तिथून गुळगुळीत सरकत नाही, अडखळतो आणि धक्का देतो. तीन रोलर, म्हणून चाकाच्या एका फेरीत तीन धक्के. छोट्या हॅचबॅकचं चाक एका फेरीत साधारण १.८ मीटर पुढे जातं. ताशी साठ किलोमीटरला सेकंदाला नऊ फेऱ्या, म्हणजे सत्तावीसएक धक्के. आईला जाणवलेली हुडहुडी ती हीच. एक्सलचा कोन जितका जास्त तितकी ती वाढते. म्हणून फाउंडेशन बसून इंजिन कललं, किंवा हौसेने स्प्रिंगखाली पॅकिंग घालून गाडी उंच केली, की चांगला जॉइंटसुद्धा कुरबुर करू लागतो.

शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी तुला धरलं. त्यांनी बोनेट उघडलं नाही, आधी गाडी चालवायला घेतली. मोकळा, सपाट रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये साठपर्यंत जोरात नेली: थरथर. पाय काढला: शांत. पुन्हा दाबला: थरथर. मग त्याच वेगाला चौथा टाकून दाबला. इंजिनचा आवाज बदलला, थरथरीचा ताल तोच राहिला. ते म्हणाले, "इंजिनचा दोष असता तर गिअरबरोबर ताल बदलला असता. हा चाकाबरोबर फिरणारा माणूस आहे, आणि जोर लावल्यावरच बोलतो. आतला जॉइंट." पाच महिन्यांचं कोडं दहा मिनिटांत आणि एका पायाने सुटलं.

मग गाडी लिफ्टवर चढली. त्यांनी एका हाताने तुझा पेला धरला, दुसऱ्याने दांडा, आणि पिळून पाहिलं. दांडा आत-बाहेर सरकला, ते तुझं कामच आहे. पण पेला जागेवर असताना दांडा वेगळा फिरला, कट्ट असा. एक्सल उतरवून, बूट कापून, ग्रीस पुसून त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "नखाने बघा," म्हणाले. मी खाचेवरून नख फिरवलं. एका भिंतीवर ते सरळ गेलं. समोरच्या भिंतीवर मध्येच अडकलं. तिथे रोलरच्या आकाराचा उथळ खळगा होता, वरून आरशासारखा चकचकीत. नख अडकलं त्या क्षणी तुझा खटला संपला.

तुझ्या बाजूचीही एक गोष्ट नोंदवतो, कारण ती खरी आहे. तुझ्या बुटाची क्लिप कधीतरी सैल झाली होती. ग्रीस बाहेर उडत राहिलं, गिअरबॉक्सच्या कडेला काळा थर साचला, आणि पाणी-धूळ आत गेली. सर्व्हिसिंगला गाडी वर चढली तेव्हा तो थर कुणीतरी पुसलाही असेल, पण तो आला कुठून हे पाहिलं नाही. बुटाची किंमत शेकड्यांत, एक्सलची हजारांत. शेकड्यांतलं काम टळलं, म्हणून हजारांतलं आलं. या गुन्ह्यात ते दुर्लक्ष तुझा साथीदार आहे.

अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात मागची चाकं गाडी ढकलायची आणि मिस्त्रींना प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ऐकूनच कळायचा. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढची चाकं गाडी ओढू लागली, आणि घरोघरी तू आलास. चाळीस वर्षं उलटली. एवढ्या काळात तुझी लक्षणं प्रत्येक गॅरेजमध्ये पाठ असायला हवी होती. तिथे आजही अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाण्याची रीत चालते आणि बिल गाडीमालकाच्या माथी येतं, याची मला मनापासून चीड आहे.

ही नुसती गैरसोय नाही. तू अगदीच झिजलास आणि दांडा तुझ्यातून निसटला, तर एक चाक मोकळं होतं. डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला घालवतो आणि गाडी जागेवर राहते. अशी गाडी चढावर गिअरमध्ये टाकूनही थांबत नाही, फक्त ब्रेकच तिला धरतो. घाटात, मागे भरलेला ट्रक असताना, हे घडू नये.

म्हणून तुझ्या सुटकेचा अर्ज फेटाळला आहे. झिजलेल्या खाचेत नवं ग्रीस भरून तुला परत बसवणार नाही. पेला, चक्री, बूट, क्लिपा, सगळं नवं येईल. गिअरबॉक्सकडचं ऑइल सील बदललं जाईल, सांडलेलं ऑइल भरलं जाईल, आणि एक्सलचा नट नवा लावून टॉर्क पान्याने आवळला जाईल.

आणि जुनी गाडी चालवणाऱ्यांनो, तुमच्याशी दोन शब्द. गाडी थरथरली तर गॅरेजला जाण्याआधी रिकाम्या रस्त्यावर पाय दाबा, पाय काढा, पुन्हा दाबा, आणि काय होतं ते कागदावर लिहून न्या. मिस्त्रींना आधी गाडी चालवायला सांगा, पाना नंतर हातात घेऊ द्या. दर सर्व्हिसिंगला गाडी वर चढली की चारही बूट स्वतः वाकून बघा. बुटाभोवती ग्रीस दिसलं तर त्याच दिवशी बूट बदला.