सोफा आला, बसायला जागा गेली

अहो, ऐकलंत का? राहू द्या, दार उघडू नका, या सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच सांगते. समोरच्यांनी दारावर कॅमेरा लावलाय ना, त्यात बोललेलंसुद्धा ऐकू जातं म्हणे. जरा इकडे सरका.

त्या बाविसाव्या मजल्यावरच्या वहिनींचा सोफा आला होता ना गणपतीआधी. आला म्हणजे खाली आला, वर कुठे जातोय! एल-शेप. एकीकडे नऊ फूट, दुसरीकडे सहा. लिफ्टच्या दारात आडवा घातला, उभा घातला, तिरका घातला... दोन हमाल, वॉचमन आणि वहिनींचे मिस्टर, चौघंही घामाघूम. वहिनी बाजूला उभ्या राहून, "सावकाश हं, फॅब्रिक नाजूक आहे." आणि सासूबाई? त्या बसल्या होत्या खालच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. सगळं शांतपणे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "लिफ्टचं माप कुणी घेतलं होतं का गं?" अगं बाई, वहिनींचा चेहरा असा खर्रकन उतरला! मला वाईट वाटलं हो. थोडं वाटलं.

शेवटी पाय काढले, दोन भाग सुटे केले, एक लिफ्टमधून गेला आणि दुसरा जिन्याने. बावीस मजले! हमालांनी मजल्यामागे पैसे लावले. किती ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. उगाच माझं नाव व्हायचं.

तर मी त्या संध्याकाळी गेले विरजण मागायला. घरात होतं माझ्याकडे, पण बघायला नको का? हॉलमध्ये हा सोफा, समोर भिंतभर टीव्ही युनिट, मध्ये काचेचं सेंटर टेबल. "बसा ना, बसा ना," म्हणाल्या. बसायला जागा होती हो, पण तिथवर पोचायचं कसं? मी आपली टेबल आणि सोफ्याच्या मधून खेकड्यासारखी आडवी आडवी गेले. त्यांचे मिस्टर पाणी घेऊन आले तर टेबलाचा कोपरा लागला गुडघ्याला. ते हसले. वहिनी नाही हसल्या. आणि मग मला म्हणतात कशा, "जागाच पुरत नाही हो या घराला."

आता तुम्हीच सांगा, आपण सगळे कुठून आलो? बीडीडी चाळीतून. १६० चौरस फुटांची एक खोली, त्यातच मोरी, त्यातच स्टो, त्यातच दहावीचा अभ्यास. आता ५०० फूट मिळाले, तेही कार्पेट. तिपटीहून जास्त! १४ ऑगस्टला चाव्या मिळाल्या तेव्हा याच वहिनी रिकाम्या हॉलमध्ये उभ्या राहून काय म्हणाल्या होत्या, आठवतंय? "अगं, इथे तर क्रिकेट खेळतील पोरं." आता पोरांना बॅट ठेवायला कोपरा नाही.

आमचे हे म्हणतात, चाळीतली खोली १६० फुटांची नव्हतीच मुळी. मी म्हटलं, काहीतरीच काय? तर म्हणाले, दाराबाहेरचा तो लांब पॅसेज मोज ना त्यात. आणि खरंच की! मध्ये पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. चपला बाहेर, सायकल बाहेर, पिंप बाहेर, रात्री बाप्ये माणसं पथारी टाकून बाहेर. पापड वाळवले तरी तिथेच. खोलीत उरायचं काय? एक लोखंडी कॉट, खाली ट्रंका, आणि डोक्याच्या वर भिंतीभर फळी, त्यावर स्टीलचे डबे नि पितळेची भांडी ओळीने. गाद्यांच्या वळकट्या सकाळी गुंडाळून कॉटवर रचल्या की जमीन मोकळी. त्या जमिनीवर आमच्या घरी पंधरा माणसांची पंगत बसायची, साखरपुडेसुद्धा झालेत. इथे टॉवरमध्ये पॅसेजात साधं चपलांचं रॅक ठेवलं तर सोसायटीची नोटीस येते. मग जे पूर्वी बाहेर जायचं ते सगळं आत. आणि त्याच्यावर हा एल-शेप!

बाविसाव्या मजल्याचं राहू दे. मला सांगायचंय ते अठराव्या मजल्यावरच्या आजींच्या सुनेचं. बँकेत आहे बघा, लहान चणीची, फार बोलत नाही. तिने काय केलं माहितीये? फर्निचर घ्यायच्या आधी घरभर वर्तमानपत्रं अंथरली! सोफ्याच्या मापाची एवढी, पलंगाच्या मापाची एवढी, टेबलाची एवढी, कडांना चिकटपट्टी. आणि आठवडाभर सगळ्यांनी त्या पेपरांना वळसा घालून चालायचं. आजी लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगत सुटल्या, "सुनेचं डोकं फिरलंय, माझ्या घरात मला पेपरावर पाय ठेवू देत नाही." आम्ही पण हसलो. त्या बाविसाव्यावाल्या तर फारच हसल्या.

पण पेपरांनी दाखवलं ना बरोब्बर! दहा बाय दहाची बेडरूम धरा. मुलाला हवा होता किंग साइज पलंग, सहा फूट रुंद. राहिले चार. कपाट दोन फूट खोल, त्याशिवाय हँगर आडवा मावत नाही. राहिले दोन. आणि कपाटाचं दार उघडायलाच दीड-दोन फूट लागतात! म्हणजे रोज सकाळी शर्ट काढायला पलंगावर गुडघे टेकून बसा. सुनेने नवऱ्याला त्या पेपरावर उभं केलं नि म्हणाली, "उघड बघू कपाट." तो हवेत दार उघडतोय आणि मागे मागे सरकतोय, सरकता सरकता पेपरवरच बसला. आजी तोंडाला पदर लावून हसल्या. घेतला मग क्वीन साइज, पाच फुटी, खाली हायड्रॉलिकचा कप्पा. गोधड्या, पाहुण्यांच्या उशा, गौरीचे मुखवटे, सगळं त्यात.

कपाटाला सरकती दारं घ्या म्हणून सुतार मागे लागला होता. ती म्हणाली, सरकतं दार जागा वाचवतं खरं, पण एका वेळी निम्मंच कपाट उघडतं, आणि त्या खालच्या पट्टीत धूळ बसते ती कोण काढणार? सुतार गप्प. कपाट मात्र थेट छताला भिडवून घेतलं आणि सनमायका भिंतीच्या रंगाचा, अगदी तोच हलका क्रीम. खरं सांगते, खोलीत गेलं तर कपाट आहे हे आधी कळतच नाही. बाविसाव्या मजल्यावर कपाट कसलं? वॉलनट, काळंभोर, वर दीड फूट जागा सोडलेली. आता त्या दीड फुटात काय आहे? दोन सूटकेसेस, जुना मिक्सरचा खोका, आणि एक टेडी. आत शिरलं की पहिली नजर त्या टेडीवर!

तर काय सांगत होते... हां, पडदे. हे फार ऐकण्यासारखं आहे. खिडकीला आपण काय आणतो? पाच फुटी तयार पडदा, खिडकीच्या चौकटीवरच दांडी ठोकायची, झालं. ही बया घेऊन आली नऊ फुटी! दुकानदार म्हणाला, मॅडम, हे मोठ्या दारांचे आहेत. ही म्हणाली, माहितीये. दांडी लावली छताच्या चार बोटं खाली, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त. पडदा सोडला तर थेट फरशीपर्यंत, बाजूला सारला तर अख्खी काच मोकळी, उजेडाला अडथळा नाही. छत एकदम उंच वाटायला लागलं हो! आजींनी विचारलं, "बिल्डरने आपल्याला जास्त उंची दिली का गं?" या वयात डोळे फसले त्यांचे, आणि माझेही.

उंचीवरून आठवलं. डी विंगमधले ते रिटायर्ड काका, हॉलमध्ये दोन थरांचं फॉल्स सीलिंग करून बसलेत. कडेने निळे दिवे. संध्याकाळी लावले की पान टपरीच! पण ते जाऊ दे. अर्धा फूट उंची गेली, पंखा फारच खाली वाटायला लागला म्हणून त्याचा रॉड आखूड करून घेतला, आता पंखा छताला इतका चिकटलाय की वरून त्याला हवाच खेचता येत नाही. नुसता फिरतो. काका खाली बसतात टेबल फॅन लावून, आणि तो टेबल फॅन कुठे? जमिनीवर, वाटेत. काकूंनी मला हळूच सांगितलं, "बोलू नका त्यांच्यासमोर, फार लागतं त्यांना." मी कशाला बोलू!

आरशावरून मात्र अठराव्यावर रण झालं. सुनेला हॉलमध्ये उभा मोठा आरसा हवा होता, खिडकीच्या समोर, म्हणजे उजेड दुप्पट आणि आरशात आकाश. आजी म्हणाल्या, वास्तुशास्त्रात बसत नाही, आरसा उत्तरेला नाहीतर पूर्वेला. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग मुलाने मोबाइलवर दिशा बघितली, तर खिडकीसमोरची भिंत निघाली पूर्वेचीच! आजींचा चेहरा... त्या हरल्याही नाहीत नि जिंकल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते." आणि हे पाहून बाविसाव्यावाल्यांनीही आणला आरसा, त्याहून मोठा. कुठे लावला? कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या समोर. आता बसल्या जागेवरून दोन स्टँड दिसतात, दुप्पट टॉवेल, दुप्पट बनियन. आरसा लावण्याआधी त्या जागी उभं राहून समोर काय दिसतंय ते तरी बघावं माणसाने.

सोफाही अठराव्यावरच्या सुनेचा साधा, तीन माणसांचा, हात बारीक, आणि पायांवर उभा. खाली वीतभर फरशी दिसते, केर काढायला झाडू जातो. टीव्ही युनिट भिंतीला टांगलेलं, त्याखालीही फरशी. जेवायचं टेबल भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेलं, जेवण झालं की घडी करून वर. आजी आधी रुसल्या, "हॉटेलात बसल्यासारखं वाटतं." आता स्वतःच टेबल मिटवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मिटवून दाखवतात! मला तर दोनदा दाखवलं. शेवटी चाळीत गाद्यांच्या वळकट्या गुंडाळून ठेवायचो तेच हे, फक्त बिजागरी लावून. पण हे मी आजींना म्हटलं नाही, त्यांचा आनंद कशाला घालवा?

दिवेही तसेच. आपण छताला मधोमध एक ट्यूब लावतो, कोपरे सगळे अंधारात. तिने दोन कोपऱ्यांत भिंतीवरचे छोटे दिवे लावलेत. कोपरा दिसला की भिंत लांब गेल्यासारखी वाटते. सोप्पं आहे, पण सुचायला हवं.

आणि गणपतीत खरी गंमत. हिने सोफा एका बाजूला सरकवला, टेबल मिटवलं, चौरंग मांडला, मखर उभं केलं, आरतीला पंचवीस माणसं उभी राहिली, घाम नाही कुणाला. बाविसाव्यावर? एल-शेप हलेना! मखर गेलं बेडरूमच्या दारात, आरतीला निम्मे लोक लिफ्टसमोर उभे. वहिनी मला म्हणाल्या, "यंदा गर्दी फार झाली." मी म्हटलं, हो ना, गर्दीच फार. आता काय बोलणार?

काल म्हणे त्यांनी सोफा विकायचा फोटो टाकलाय ग्रुपवर. "जस्ट लाइक न्यू" लिहून. कुणी एक अक्षर लिहिलं नाही, फक्त आजींनी अंगठा दिला. चुकून दिला म्हणतात. मला नाही वाटत.

बरं, तुमच्याकडे उद्या सुतार येतोय ना? येतोच आहे तर ऐका माझं. पलंग पाच फुटीच सांगा, कपाट छतापर्यंत न्या, आणि पडद्याचं कापड नऊ फुटांचं घ्या. आणि तो सोफा घेऊ नका, कितीही स्वस्त देऊ देत!